माननीय एकवीस हजार रुपये यांस, सुप्याहून

प्रति,
मा. वार्षिक उत्पन्न मर्यादा रु. २१,००० (अक्षरी एकवीस हजार फक्त),
मुक्काम तहसील कार्यालय, पारनेर.



इकडे सर्व क्षेमच आहे. गोडेतेल, गॅस, डॉक्टरची फी, सगळ्यांनी अंग धरलं. आपण मात्र वर्षानुवर्षं तेवढेच सडपातळ! महागाई भत्त्यासाठी एकदाही मोर्चा न काढणारे सरकारदरबारी आपण एकटेच असाल. आपण ज्या दारात उभे आहात त्या निराधार म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेचं महिन्याचं मानधन ६०० चं १,००० झालं, जुलै २०२३ पासून १,५०० झालं. आपला उंबरा काही हलला नाही. म्हटलं, असा निग्रही माणूस आपल्याच तालुक्यात बसलाय, चार ओळी लिहाव्यात.

पत्रास कारण की, सुप्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीवर राबलेली पिढी आता अठ्ठावन्नच्या आसपास आली आहे. कोरडवाहू पारनेरची ही माणसं. जमीन कोरभर, त्यामुळे पुणे रस्त्यावरची कंपनी हाच त्यांचा पाऊस. ज्यांचा पीएफ खरोखर भरला गेला (हे ‘खरोखर’ ठेकेदारांनी मनावर घेऊ नये), त्यांना कर्मचारी पेन्शन योजनेचं, म्हणजे ईपीएस-९५ चं, पेन्शन लागू होतं. सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. दहा हजार पगार आणि बारा वर्षं नोकरी धरली तर महिना १,७१४ रुपये. वर्षाचे २०,५६८. आपल्या खाली ४३२ रुपये! नवराबायकोला दुसरी काही मिळकत नसली, तर पासष्टी गाठल्यावर हा गडी श्रावणबाळच्या १,५०० ला पात्र.

आता सरकारचं औदार्य पाहा. २०१६ पासून नियम असा की, अठ्ठावन्नला पेन्शन न घेता थांबलात, तर दर वर्षाला ४ टक्के वाढ. थांबता येतं ते साठीपर्यंत. सबुरीचं बक्षीसच म्हणा ना. आमचा गडी वर्गणी न भरता एक वर्ष थांबला. पेन्शन झालं १,७८३. वर्षाचे २१,३९६. म्हणजे महिन्याला ६९ रुपये जास्त आले आणि आपला उंबरा ओलांडला गेला. पासष्टीला तो श्रावणबाळचा अर्ज घेऊन आला की आपण प्रेमाने सांगणार, ‘बाबा, तुम्ही आता सधन झालात.’ ६९ मिळवले, १,५०० गमावले.

बरं, ते ६९ तरी फुकट का? थांबलेल्या वर्षाचं २०,५६८ रुपयांचं पेन्शन सोडलेलं असतं. वर्षाला ८२८ च्या हिशेबाने ते वसूल व्हायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागतात. म्हणजे चौऱ्याऐंशीव्या वर्षी हा माणूस पहिल्यांदा फायद्यात येणार, आणि तेही श्रावणबाळ गेला ते बाजूला ठेवून. उलट शेजारचा उतावळा सत्तावन्नालाच पेन्शनचा १०-डी अर्ज भरून मोकळा झाला. त्याचे ४ टक्के कापले गेले, हाती आले १,६४५. पण तो आपल्या सावलीत सुरक्षित. घाईला आम्ही उगाच वाईट म्हणत होतो.

विलायतेत याच्या उलटी चलाखी चालते म्हणे. तिथे वय झाल्यावरही कोणी खासगी पेन्शन मुद्दाम न उचलता गरिबांची मदत मागितली, तर ते पेन्शन मिळतंच आहे असं धरून हिशेब करतात. आपल्याला तशी दक्षता घ्यावी लागत नाही. आमचं पेन्शन साठीच्या पुढे लांबवता येत नाही आणि श्रावणबाळ उगवतो पासष्टीला. लपवायला मधे जागाच नाही. चलाखी शून्य, शिक्षा पूर्ण.

आणि काय ती आपली धार! महिना १,७५० पर्यंत माणूस निराधार. त्यावर एक रुपया आला की साधार. खालच्याच्या हाती ३,२५० जातात, वरच्याच्या १,७५१. एका रुपयाची एवढी किंमत रिझर्व्ह बँकही करत नाही. देशभरचे ईपीएस पेन्शनर किमान ७,५०० मागतायत, मिळतात सप्टेंबर २०१४ पासूनचे किमान १,०००. ती मागणी मान्य झाली तर आमची अख्खी आळी आपल्या लेखी सावकार होईल, हेही ध्यानात असू द्या.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्यांना आपण अडवत नाही, हे कबूल. पण ती यादी आणि आमची गरिबी यांची गाठ पडतेच असं नाही.

तेव्हा विनंती एवढीच. एक तर महागाईबरोबर आपण थोडं वाढावं. नाही तर कामगाराने घाम गाळून कमावलेलं पेन्शन मोजताना त्यातला काही भाग सोडून द्यावा. तेही जमत नसेल तर वरच्या रुपयापुरताच रुपया कापावा, सगळे पंधराशे नव्हे. आणि तोवर सुप्याच्या बायाबापड्यांना सांगणं: ‘थांबलात तर जास्त मिळेल’ असं कोणीही म्हणालं, तरी बारा महिन्यांचा गुणाकार केल्याशिवाय सही करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सुप्याचा एक पेन्शनीस टेकलेला