करंट आहे का?

आमच्या मैना बकरीनं फुलोऱ्यातली तूर तिसऱ्यांदा खाल्ली, तेव्हा शेजारी धुऱ्यावरून म्हणाला, "गुरुजी, वावर तुमच्याच नावावर करून देऊ का जी?" त्याच संध्याकाळी मी कुंपणाच्या तारेसाठी सोलरवर चालणारं झटका मशीन आणलं.

"डुकरासाठी की रोह्यासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"बकरीसाठी."

त्यानं पैसे आधी मोजून घेतले.

"एवढा खर्च कशाला? घरातल्या बोर्डातूनच तार ओढा ना," बायको म्हणाली. तो करंट जीव घेतो आणि आपल्याला तुरुंगात धाडतो, हे तिला समजावलं. मशीन सेकंदाला एकच ठोका देतं; सात-आठ हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. जनावर दचकतं, मरत नाही.

मैना दचकलीसुद्धा नाही. तिनं तारेला मान घासली.

वायरमननं माझी वीतभर अर्थिंगची सळई उपटून हातात दिली. "करंट तारेतून बकरीत, बकरीतून जमिनीत अन् जमिनीतून परत मशीनमध्ये गेला पाहिजे. कोरड्या मातीतून कसा जाईल जी?" मग तीन लांब सळया, मीठ, कोळसा आणि रोज बादलीभर पाणी. तुळशीलाही मी कधी इतक्या नेमानं पाणी घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मैनेनं तारेला नाक लावलं आणि तिचं मत अख्ख्या शिवारानं ऐकलं.

पण तारेला गवत टेकलं की झटका उतरतो. म्हणून राखणदारावर राखणदार नेमला: व्होल्टेज पडलं की फोन करणारं, सिमवालं यंत्र.

पहिल्या रात्री दोन वाजता फोन. बॅटरी घेऊन धावलो, गवताची काडी. दुसऱ्या रात्री इन्सुलेटरवर चिकटलेली पाल. तिसऱ्या रात्री बायको उठून बसली. "अहो, रोज या वेळी कोणाचा फोन?"

"कुंपणाचा."

तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

चौथ्या रात्री फोन आला नाही. गाढ झोपलो. सकाळी मैना तुरीत. तीन दिवसांच्या आभाळानं मशीन बंद पडलं होतं आणि सिमचा रिचार्ज संपला होता. ठोक्याची टिकटिक थांबल्याचं कळलं ते एकट्या मैनेला.

आता सकाळी ओसरीवर चहा घेताना बायको तिच्याकडे बघते. मैना तारेपासून हातभर लांब उभी असली, तर मला दुसरा कप मिळतो. मान घासत असली, तर बादली.