वाघोलीच्या पुढे मीटअप का येत नाही?

पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या मासिक बैठकांना तोटा नाही. पायथॉनवाले वेगळे जमतात, लिनक्सवाले वेगळे, जावावाले वेगळे. कधी बाणेरला, कधी कल्याणीनगरला, कधी मॉडेल कॉलनीत. एकजण बोलतो, बाकीचे मध्येच अडवून प्रश्न विचारतात, मग चहा. चांगली गोष्ट आहे.

पण नगर रस्त्याने ही चांगली गोष्ट वाघोलीच्या पुढे सरकत नाही.

शिरूर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटर. दौंड रेल्वेने ७५च्या आसपास. पुण्यातल्या कंपन्यांत कोड लिहिणारी कितीतरी पोरं या दोन तालुक्यांतली आहेत. कुणी एसटीने जातं, कुणी शटलने, कुणी हडपसरला कॉट बेसिसवर राहतं. कोरोनाच्या काळात हीच पोरं घरी आली आणि न्हावऱ्यात बसूनही सर्व्हर चालवता येतो हे सगळ्यांनी पाहिलं. काम गावात येऊ शकतं, तर कामाबद्दलचं बोलणं का येऊ नये?

शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू झालेली बैठक सातला संपते. खरं शिकणं त्यानंतर सुरू होतं, चहाच्या टेबलापाशी. दौंडच्या मुलीने त्या वेळी काय करायचं? स्टेशन गाठायचं. विषय कळला नाही म्हणून ती उठत नाही, गाडी चुकेल म्हणून उठते.

‘मग ऑनलाइन बघा की!’

बघतात. पण रेकॉर्डिंगमध्ये फक्त वक्ता दिसतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये डोकावून ‘अरे, पाथ चुकलाय इथे’ म्हणणारा शेजारचा माणूस रेकॉर्डिंगमध्ये नसतो. चार दिवस अडलेलं काम तो चार मिनिटांत सोडवतो. त्या माणसासाठीच तर बैठक असते.

ही कल्पना आजची नाही. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमच्या ७०४ या यंत्राची गिऱ्हाइकं एकत्र आली. कारण साधं होतं. प्रत्येकजण तेच ते प्रोग्रॅम नव्याने लिहीत होता आणि यंत्राचा वेळ भलताच महाग होता. गटाचं नाव ‘शेअर’. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या, विमानं बनवणाऱ्या कंपन्यांनी तिथे आपापले प्रोग्रॅम एकमेकांना दिले.

आपल्याकडे एका क्लासचे सर दुसऱ्या क्लासच्या सरांना नोट्स दाखवत नाहीत.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. आलेल्यांत स्टीव्ह वॉझ्नियॅक होता. ॲपलच्या पहिल्या संगणकाचे आराखडे त्याने पुढे याच क्लबात फुकट वाटले. पायथॉनची पहिली कार्यशाळा १९९४च्या नोव्हेंबरात भरली, तेव्हा माणसं होती वीस. आज तीच भाषा आपल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात.

वीस माणसं शिरूरला मिळणार नाहीत?

लांब कशाला जायचं? पुण्यात ‘प्लग’ने, म्हणजे पुणे जीएनयू/लिनक्स यूजर्स ग्रुपने, हेच केलं. सिंबायोसिसच्या मॉडेल कॉलनीतल्या संगणक महाविद्यालयात माणसं जमत राहिली, आणि २००३पासून तिथेच ‘ग्नूनिफाय’ हा वार्षिक मेळा भरू लागला. २०१७ला पायकॉन पुणे झाली. आधी छोट्या बैठका, मग मोठा मांडव. आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी फ्लेक्स छापतो.

तालुक्याच्या कॉलेजात संगणकावर भाषणं होत नाहीत असं नाही. ‘अतिथी व्याख्यान’ होतं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय यांत पाऊण तास जातो. पाहुणे ‘एआय आणि उद्याचं जग’ यावर बोलतात. मुलं हजेरीवर सह्या करतात. फोटो निघतो, तो नॅकच्या फायलीला लागतो.

पाहुण्यांनी कोडची एक ओळ तरी दाखवली का? नाही.

प्रश्न विचारायला मुलं उठली का? तेही ‘वेळेअभावी’ राहून गेलं.

व्याख्यानं ऐकायची आपली परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ला पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि गावोगावच्या व्याख्यानमाला तिच्याच वाटेने गेल्या. त्या परंपरेने महाराष्ट्र शहाणा केला, यात वाद नाही. पण यूजर ग्रुप ही व्याख्यानमाला नव्हे. व्याख्यानमालेत श्रोता जन्मभर श्रोता राहिला तरी चालतं. इथे या महिन्यात मागच्या बाकावर बसलेली मुलगी चार महिन्यांनी फळ्यापाशी उभी राहिली पाहिजे.

नाही राहिली, तर गट फसला.

‘पण आमच्याकडे बोलायला विषय कुठे आहेत?’ हा प्रश्न ऐकला की डोकं उठतं.

दूध संकलन केंद्रावर चला. फॅट मोजणारं यंत्र आकडा संगणकाला देतं, पावती निघते, बिल नंतर हातात पडतं. तो आकडा वाटेत कुठे साठतो? मध्ये कोण बदलू शकतं? ऐन संकलनाच्या वेळी लाईट गेली तर शेवटच्या कॅनचं काय होतं? ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत त्याला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत. उत्तरं शोधायला मात्र त्याला कुणी बसवत नाही.

साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, पडद्यावर आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर एका घराचा वर्षाचा हिशेब ठरतो. काटा आणि संगणक यांच्यामध्ये एक छोटासा प्रोग्रॅम असतो. त्या प्रोग्रॅमवर कुणी दौंडमध्ये बोलायला उभं राहिलं, तर लॅब पुरणार नाही.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर आली. बांधावर उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, ॲपमध्ये भरायचं. रेंज नसताना माहिती फोनमध्ये कशी धरून ठेवायची, रेंज आल्यावर ती दोनदा न जाता एकदाच कशी पाठवायची? हा प्रश्न हिंजवडीतल्या मुलाला पुस्तकात भेटतो. टाकळी हाजीच्या मुलाला तो शेतात भेटतो. यावर बोलायचा जास्त अधिकार कुणाचा?

आणि बिबट्या. शिरूरच्या बेट भागात लोकांनी आपली लेकरं गमावली आहेत. बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारा कॅमेरा हा तिथे नवलाईचा विषय नाही. त्या यंत्रणेने कुत्र्याला बिबट्या समजून रोज रात्री भोंगा वाजवला, तर आठवडाभरात गाव भोंग्याकडे लक्ष देणं सोडेल. तिने बिबट्याला कुत्रा समजलं तर? खोटा इशारा किती चालवून घ्यायचा आणि हुकलेला इशारा किती, हा मशीन लर्निंगमधला फार अवघड प्रश्न आहे. पुण्यातल्या थंडगार खोलीत तो आलेखावर मांडतात.

इथे तो उसाच्या फडात बसला आहे.

दौंडकरांकडे तर असा वक्ता आहे, जो बाणेरच्या मीटअपला शोधून सापडायचा नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जंक्शनच्या गावात असा माणूस गल्लीत भेटतो. काहीही बिघडलं, तार तुटली, वीज गेली, तरी सिग्नल लालच झाला पाहिजे, हे तत्त्व रेल्वेने आजचे संगणक जन्मायच्या आधीपासून पाळलं. बिघाड होणारच हे धरून चालायचं आणि बिघाडाचा कल सुरक्षिततेकडे ठेवायचा. पैसे कापले जातात पण तिकीट निघत नाही, अशी ॲप लिहिणाऱ्यांना त्या काकांसमोर एक तास बसवा. काकांना कोड येत नाही, हे खरं. त्यांना जे येतं ते कोडवाल्यांना येत नाही, हे जास्त खरं.

छोटे विषयही आहेतच. श्रीलिपीत अडकलेल्या प्रेसच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं का तुटतात? तालुक्याच्या प्रत्येक छापखान्याला हवं असलेलं उत्तर आहे.

शिरूरला कमीपणा वाटायचं तर काहीच कारण नाही. पाबळ याच तालुक्यात आहे. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथल्या दुष्काळी माळावर विज्ञान आश्रम उभा केला. हाताने काम करत शिकायचं आणि गावाचे प्रश्न हाच अभ्यासक्रम, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या देशाबाहेर फॅब लॅब काढायला सुरुवात केली, तेव्हा अगदी पहिल्या लॅबपैकी एक २००२ साली पाबळला निघाली. एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब’ या २००५च्या पुस्तकात पाबळबद्दल लिहिलं. दुधाची प्रत तपासायचं साधन, डिझेल इंजिन नीट लावायचं साधन, असले विषय तिथे होते.

एमआयटीला पाबळ सापडलं. पुण्यातल्या मीटअपवाल्यांना रांजणगाव सापडत नाही.

रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला सगळे येतात. शेजारच्या एमआयडीसीत फ्रिज आणि टीव्ही बनतात, तिकडे कोण पाहतं? २०२२च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने तिथे इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर केलं, प्रकल्प सुमारे ४९३ कोटींचा. कारखाने येतील. प्रश्न एवढाच आहे की त्यात शिरूरचा मुलगा फक्त लाइनवर स्क्रू पिळायला जाणार, की बोर्डावर चालणारा प्रोग्रॅम लिहायला? ते कंपनी ठरवणार नाही. त्या मुलाला आधी काय येत होतं, त्यावर ठरेल.

मग बैठक कशी घ्यायची? मोठं काही नको. एक महिना शिरूर, एक महिना दौंड. न्हावरा-चौफुला रस्ता आहेच मध्ये. दुपारी तीनला सुरू, सहाला बंद, म्हणजे मुली वेळेत घरी. पाऊण तास एकाचं बोलणं, त्यात चालणारा किंवा न चालणारा प्रोग्रॅम पडद्यावर दाखवायचाच. उरलेला वेळ लॅपटॉप उघडून एकमेकांचे अडलेले प्रश्न.

आणि मराठीत बोला. फंक्शनला फंक्शन म्हणा, सर्व्हरला सर्व्हर म्हणा, वाक्य मात्र मराठी ठेवा. इंग्रजीचं दडपण आलं की चांगला प्रोग्रॅमर गप्प बसतो आणि पोपटपंची करणारा माइक धरतो. किती वर्षं हे बघत बसायचं?

पहिल्याच बैठकीला क्लासवाला पत्रकं घेऊन येईल. त्याला चहा द्या, माइक देऊ नका. एखादी कंपनी म्हणेल, आम्ही नाश्ता देतो, आमच्या उत्पादनावर अर्धा तास बोलू द्या. पोहे आपापल्या वर्गणीतून होतात. पुढाऱ्याचा माणूस बॅनरवर कुणाचा फोटो टाकायचा ते विचारेल. बॅनरच लावू नका, म्हणजे भांडणच नाही.

तिसऱ्या महिन्यात माणसं गळतील. पहिल्याला खोली भरली होती, आता सातच आले, असं होईल. हा दर गटाचा अनुभव आहे. त्या दिवशी बैठक रद्द केली की गट संपला. सातजणांना घेऊन बसलात, तर त्यांतलेच दोघे पुढची बैठक चालवतील.

खर्च किती? खोली, वीज, चहा. प्रोजेक्टर कॉलेजात आहेच, कपाटात कुलूपबंद.

शिरूरच्या आणि दौंडच्या प्राचार्यांनी महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी लॅबचं कुलूप उघडावं. सूचनापत्र नको, समिती नको, विषयतज्ज्ञांची मान्यता नको. एक शिपाई आणि किल्ली पुरे. कॉलेजबाहेरच्या मुलांनाही आत येऊ द्यावं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा, सेतू केंद्र चालवणारी ताई, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला भाऊ, सगळ्यांना.

आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या शिरूरकर-दौंडकरांनो, शनिवार-रविवार तुम्ही घरी येताच. पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या. गेल्या महिन्यात तुमचा कोणता प्रोग्रॅम कोसळला, का कोसळला आणि तो तुम्ही कसा उभा केला, हे त्या लॅबमध्ये जाऊन मुलांना दाखवा.