पेल्यांचा पंक्तिप्रपंच

अमेरिकेतील बिअररसिकांत सांप्रत जो पंक्तिप्रपंच माजला आहे, त्यात लहान भट्टीतील कडवट, गढूळ पेला नाकाशी धरून पपनसाच्या सालीचा नि देवदाराच्या चिकाचा गंध हुंगणारे ते सोवळे, आणि कारखान्यातला थंडगार डबा फोडून गटागट पिणारे ते ओवळे. २०१५ च्या फेब्रुवारीत, फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, बडवायझरने भोपळा-पीचची बिअर चाखणाऱ्या सोवळ्यांची जाहिरातीतून यथेच्छ खिल्ली उडविली. परंतु तिच्याच मालकांनी काही दिवसांपूर्वी सिअ‍ॅटलची जी एलिशियन भट्टी खरेदी करण्याचे जाहीर केले होते, तीच भोपळा नि पीच घातलेली बिअर आंबवून चुकली होती! (टवाळीपूर्वी खरेदीखत आपल्याच दप्तरी नाही ना, एवढे तरी कारकुनाकडून पाहून घ्यावयाचे.) सोवळ्यांचेही पांडित्य बेताचेच, ज्या पिवळ्या, नितळ बिअरला ते पाणचट म्हणून नाक मुरडतात, तिचा मूळ अवतार १८४२ मध्ये प्लझेन येथे योझेफ ग्रोल याने सिद्ध केला, तेव्हा ती अपूर्व नवलाई होती. शिवाय शिकागोची त्यांची लाडकी गूज आयलंड भट्टीही २०११ मध्येच बडवायझरच्या मालकांनी विकत घेतलेली आहे.