इतर सामान

पुनर्विकासात काय काय मिळतं, ही यादी हल्ली कोथरूडमधल्या शाळकरी पोरालाही पाठ असते: वाढीव कार्पेट एरिया, कॉर्पस, गाडीला हक्काची जागा आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाडं. काय सोडावं लागतं, ते मात्र करारनाम्यात कुठंच नसतं. ते माळ्यावर चढल्यावर कळतं.

आमची सोसायटी जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची. सहकार कायद्याच्या ७९ अ कलमाखालच्या सूचनांप्रमाणे पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते आणि त्या सभांचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. चित्रीकरणाचा परिणाम असा, की एरवी बर्म्युडावर सभेला येणारे इस्त्रीच्या शर्टात आले आणि ज्यांनी वर्षानुवर्षं तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी माईक सोडला नाही. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ला निघालं आणि २३ ऑगस्टला विक्रम लँडर चंद्रावर उतरलं. म्हणजे ४० दिवस. पार्किंग कुठल्या बाजूला असावं, यावर आम्ही त्याहून जास्त काळ घेतला. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरताना दक्षिण दिशा अशुभ, असंही कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी घर रिकामं करायचं पत्र आलं, ते नेमकं पितृपक्षातल्या तारखेचं. सोसायटीतले दोन-तीन कट्टर नास्तिकसुद्धा ‘माझं काही नाही हो, पण घरच्यांचं...’ म्हणत विरोधात उभे राहिले. तारीख घटस्थापनेपलीकडे गेली.

मग पॅकर्सचा मुलगा सामान बघायला आला. हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये तयार यादी. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, कपाट अशा टिचक्या मारत तो वाऱ्यासारखा सुटला होता. माळ्याखाली येऊन अडला.

“काका, हे काय लिहू?”

“पेटी.”

“ट्रंक?”

“वाजवायची पेटी. हार्मोनियम.”

त्यानं यादी खालवर केली. हार्मोनियम नव्हतं. तिकिटांचे अल्बम नव्हते. दिवाळी अंकांचे गठ्ठे नव्हते. सगळं मिळून त्यानं ‘इतर’ म्हणून टाकलं. ट्रेडमिल मात्र यादीत होती. ट्रेडमिलला सगळीकडे मान आहे. आमच्याकडे तिच्यावर टॉवेल वाळतात, हे त्याच्या यादीला कळण्याचं कारण नाही.

खरा पंचनामा तो गेल्यावर सुरू झाला. सौभाग्यवती पदर खोचून उभ्या राहिल्या. “अहो, ही शेवटची कधी वाजवलीत?”

आता या प्रश्नाला उत्तर नसतं. पण मला विचारावंसं वाटलं, की लग्नात आलेला तो छत्तीस नगांचा डिनर सेट शेवटचा कधी काढला होता? पाहुणे आले की स्टीलच्या ताटल्या निघतात आणि डिनर सेट काचेच्या कपाटातून त्यांच्याकडे बघत असतो. तरी बबल रॅपचा पहिला मान त्याचा. न वापरलेली भांडी ही चांगली ठेवलेली भांडी, आणि न वाजवलेली पेटी ही अडगळ! संसाराच्या वस्तूंना जाब विचारायचा नाही, छंदांना मात्र दर वेळी साक्षीला उभं करायचं, असा सगळ्याच घरांचा कायदा दिसतो. (विचारावंसं वाटलं, असं म्हटलंय. विचारलं नाही.)

पेटीच्या नशिबी हे नवं नाही. ती भारतीय संगीताला साजेशी नाही, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, असं म्हणत १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला हद्दपार केलं होतं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आमच्याकडची बंदी तशी लेखी नाही. मुलाची दहावी, मग बारावी, मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं ऑपरेशन, मग मुलाचं घरून काम, असं एकेक निमित्त लागत गेलं आणि पेटी माळ्यावर चढली. भाता अजून हवा धरतो, एवढं खरं.

दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी, कारण ते मराठी घराचं सरकारमान्य वेड आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९मध्ये काढला. तेव्हापासून ही भाषा फराळासोबत वाचायला बसते, आणि फराळ संपला तरी अंक संपत नाहीत. माझ्याकडचे ‘आवाज’चे जुने अंक त्यांतल्या खिडक्यांसाठी ठेवले आहेत. चित्रात कापलेली खिडकी. बंद असताना भलतीच शंका आणणारी, उघडली की आतला प्रकार अगदी सोज्वळ. बिल्डरच्या माणसानं मला नव्या फ्लॅटच्या मोठ्या, सरकत्या खिडक्यांचं कौतुक सांगितलं. त्या उघडल्यावर शेजारच्या पुनर्विकासाची भिंत दिसणार आहे. ‘आवाज’च्या खिडकीला मी जास्त गुण देतो.

पॅकिंगचा वेळ कशात जातो, ते पॅकर्सना माहीत नसतं. तो जुनी वर्तमानपत्रं वाचण्यात जातो. फडताळातले कागद काढायला घेतले आणि मसाल्याच्या डब्यांखाली ऑगस्ट २००६ निघाला: प्लूटो आता ग्रह राहिला नाही. आमचे चिरंजीव तेव्हा शाळेत नऊ ग्रह घोकून परीक्षेला गेले होते आणि पेपर तपासून येईपर्यंत आठ उरले होते. हळदीचा डाग पडलेला तो प्लूटो मी खाली बसून पुरता वाचला. पुढच्या खणात जुलै २०१३, तार बंद झाल्याची बातमी. तार आली की आमच्या आईच्या पोटात गोळा यायचा. आता तोच गोळा बँकेच्या नावानं येणाऱ्या संदेशांनी येतो, फक्त दिवसातून अनेकदा. ताजे पेपर बांधाबांधीला घेतले, तर त्यात ऑक्टोबर २०२४चा एक सापडला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा. तो बाजूला ठेवायचा असं ठरवून मी पाणी प्यायला गेलो. येईपर्यंत त्यात लोणच्याची बरणी बांधली गेली होती. आमच्या घरात दर्जा लोणच्याला आधी मिळतो.

आणि धण्याच्या डब्याखाली, कागदाच्या घडीत, जुनी पाचशेची नोट निघाली.

घरात शांतता पसरली. मी हिच्याकडे पाहिलं. ही छताकडे पाहत म्हणाली, “माळ्याचं दार नीट बसत नाहीये.” विषय तिथंच मिटला. पण मी छंदिष्ट माणूस, बातम्या वाचून विसरत नाही. नोटाबंदीनंतर रिझर्व्ह बँकेनं २०१८च्या अहवालात सांगितलं, की रद्द झालेल्या नोटांपैकी किमतीच्या हिशेबानं ९९.३ टक्के परत आल्या. न आलेल्यातली एक माझ्या हातात होती. अर्थशास्त्राच्या एका मोठ्या प्रश्नाचा धागा असा धण्याच्या वासासकट सापडेल, असं वाटलं नव्हतं. बरं, ती बाळगणं गुन्हा नाही. २०१७च्या कायद्यानुसार सामान्य माणसाला अशा एकूण १० नोटा जवळ ठेवता येतात, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणी-नोटा जमवण्याचा छंद असेल तर २५. हे वाचून मी भारावलो आहे. ज्या सरकारनं रात्री आठ वाजता एवढं मोठं चलन गुंडाळलं, त्यानं कायदा करताना छंदवाल्यांची आठवण ठेवली आणि त्यांना १५ नोटा जास्तीच्या दिल्या. घरात मला इतकी वर्षं एक खण जास्तीचा मिळालेला नाही.

सध्याच्या बातम्या विचाराल, तर त्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. दारात पेपर पडतो, मी तो वाचतो, जगात काय पेटलंय ते कळतं. पण सकाळी काळीज हलतं ते ‘भाडं जमा झालं का कुणाचं?’ या प्रश्नानं. एक म्हणतो झालं, दुसरा म्हणतो नाही, तिसरा सुप्रभातचा गुलाब टाकतो आणि महत्त्वाची बातमी त्या गुलाबाखाली गाडली जाते. इराण, अमेरिका, महापालिका सगळे मागे पडतात. माणसाचं विश्व त्याच्या कार्पेट एरियाएवढं असतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझी खरी अडचण भाड्याच्या घराची आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, भिंतीला खिळा मारायचा नाही आणि माळा नाही. नव्या बांधकामात माळा काढतच नाहीत. “सगळं कस्टमाइझ्ड स्टोरेज आहे, काका,” असं एजंट सांगतो. ते स्टोरेज मी उघडून पाहिलं. त्यात इस्त्रीचं टेबल आणि दोन झाडू राहतात. पुढं नव्या इमारतीत तरी काही होईल म्हणून बिल्डरचं माहितीपत्रक काढलं, तर जिम आणि पार्टी लॉनच्या मधे चक्क लिहिलेलं: हॉबी रूम! मी जरा हरखलो. सगळ्या सोसायटीला मिळून एक खोली. वेळ ठरवून मिळणार, आत वैयक्तिक सामान ठेवायचं नाही आणि इतरांना त्रास होईल असा आवाज करायचा नाही. म्हणजे छंद हातात धरून यायचं, तासभर त्याच्याकडे बघायचं आणि परत न्यायचं.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माहितीत कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागात माळा असलेलं जुनं घर भाड्यानं असेल, तर कृपया कळवावं. पाणी दिवसातून एकदा आलं तरी चालेल. पेटी संध्याकाळी सातनंतर वाजवणार नाही, असं लिहून देतो.