भाड्याचं गाणं

केसरबाई केरकरांची भैरवी सध्या पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरहून लांब आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि त्यावरच्या जगभरातल्या निवडक संगीतात गोव्याच्या केरी गावातल्या या गायिकेचा आवाज आहे. एवढं आपण अभिमानानं सांगतो. ती भैरवी तिथवर पोचली कशी, ते मात्र सांगत नाही. निवड झाली तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळत नव्हती. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या एका खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. कोऱ्या, न उघडलेल्या. कंपनीनं सोडून दिलेलं गाणं दुकानदाराकडे पडून होतं, म्हणून ते अंतराळात गेलं.

ज्यांना वाटतं की आता सगळं संगीत मोबाइलमध्ये आहे, घरात काही ठेवायची गरज नाही, त्यांनी या तीन प्रतींचा विचार करावा.

मोबाइलमधलं गाणं तुमचं नसतं. महिन्याला शंभर-दीडशे रुपये भरता तोवर ते ऐकायची परवानगी असते. 'डाउनलोड' केलेलंसुद्धा तुमचं नाही: स्पॉटिफायवर उतरवून घेतलेली गाणी चालू राहायची तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावावी लागते. दहा वर्षांत १२ ते १८ हजार रुपये जातात, आणि पैसे भरायचे थांबलात की कपाटात एक तबकडीही उरत नाही. भाड्याच्या घरात आयुष्य काढता येतं, पण मालक 'निघा' म्हणाला की निघावं लागतं.

मालक तसं म्हणतो का? म्हणतो. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं, आणि थोड्याच दिवसांत सारेगामाची गाणी त्यावरून उतरवावी लागली, कारण करार नव्हता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. आपल्या आईवडिलांनी ऐकलेलं बरंचसं हिंदी-मराठी संगीत त्या एका कंपनीच्या ताब्यात आहे. करार झाला २०२० मध्ये. तोवर पैसे भरणाऱ्या ऐकणाऱ्याला कोणी विचारलं नाही. पुढे २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकचा करार संपला आणि लोकांनी मन लावून रचलेल्या प्लेलिस्टमधली गाणी एका रात्रीत राखाडी पडली. काही महिन्यांनी ती परतली, हे खरं. पण ती जाणार की परतणार, हे दोन कंपन्यांच्या वकिलांनी ठरवलं. दुकानंही उठतात. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, रेसो २०२४ च्या जानेवारीत भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळायचं ठरवलं.

तबकड्या आणि कॅसेटीही नाशिवंत आहेत, हे मला मान्य आहे. ७८ आरपीएमची लाखेची तबकडी हातातून पडली की संपली. कोकणातल्या एका पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. पण त्या अपघातात एक प्रत जाते. बाकीच्या कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी ट्रंकेत शाबूत असतात. एकाच कोठारात सगळं ठेवलं की काय होतं, ते मायस्पेस या संकेतस्थळानं २०१९ मध्ये दाखवलं. लोकांनी १२ वर्षांत चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं. कोट्यवधी गाणी एका दमात गेली. त्यातल्या कितीतरी नवख्या गायकांकडे दुसरी प्रत नव्हती.

मला सर्वांत जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. शास्त्रीय संगीताची जुनी एलपी घ्या आणि तिचं पाठचं कव्हर वाचा. राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बऱ्याचदा घराण्यावर एखाद्या जाणकाराचा परिच्छेद. कितीतरी घरांतल्या मुलांना झपताल हा शब्द पहिल्यांदा भेटला तो तिथे. तेच ध्वनिमुद्रण ॲपवर उघडा. बहुतेक वेळा गायकाचं नाव, आणि ख्यालाचे पहिले दोन शब्द इंग्रजी अक्षरांत, तेही चुकीचे. तबलजी गायब. पेटीवाला गायब. नाट्यपद असेल तर नाटककार गायब, चाल लावणारा गायब. साथीदारानं आयुष्यभर हात झिजवले आणि त्याचं नाव पुसलं गेलं. पुसलं गेल्याची कुठे तक्रारसुद्धा नाही. कोणती आवृत्ती आहे, कोणत्या साली मुद्रित झाली, हेही कळत नाही. बारावीतल्या मुलीला मारवा शिकायचा असेल, तर या अशा यादीतून तिनं काय शिकायचं?

स्ट्रीमिंग नको, असं मी म्हणत नाही. ज्या गावात कधी रेकॉर्डचं दुकान नव्हतं, तिथला मुलगा आज मल्लिकार्जुन मन्सूर ऐकू शकतो. मुंबईत काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. पुण्यात अलूरकरांच्या दुकानात मैफलींच्या कॅसेटी मिळत, तेही दिवस संपले. नवं शोधायला ॲप उत्तम. जे शोधून सापडलं, आवडलं, ज्याशिवाय करमत नाही, ते मात्र विकत घ्या. सीडी घ्या, जुन्या बाजारातून एलपी घ्या, एखादा गायक स्वतःच्या फाइल थेट विकत असेल तर त्या घ्या आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. फाइल तुमच्या हातात असेल आणि कोणाच्या परवानगीशिवाय वाजत असेल, तर तीही तुमचीच मालमत्ता. सगळं संगीत घ्या, असं नाही. पंधरा-वीस ध्वनिमुद्रणं घ्या, पण ती तुमची असू द्या. मुलांना देता येतील अशी. ॲपचं खातं वारसाला देता येत नाही.

आपला अनुभवही हेच सांगतो. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांचं आणि बालगंधर्वांचं जे गाणं आपण आज फुकट ऐकतो, त्यातलं बरंचसं हौशी संग्राहकांनी जपलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं आहे. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था आहे. चोर बाजारातून तबकड्या गोळा करणाऱ्या, त्यांच्या याद्या करणाऱ्या अशा माणसांचं ऋण आपल्या संगीतावर फार मोठं आहे. कंपन्यांनी जे टाकून दिलं, ते यांनी उचललं.

आणि जे कंपनीकडे कधी नव्हतंच, त्याचं काय? गणेशोत्सवात कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून घेतलेली मैफल, आकाशवाणीवरून उतरवलेला रात्रीचा कार्यक्रम, आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या. मराठी घरांत अशा कॅसेटी आहेत, बॉलपेननं नाव लिहिलेल्या. त्यांची दुसरी प्रत कुठल्याही ॲपवर नाही आणि येणारही नाही.

दिवाळीच्या साफसफाईत त्या कॅसेटी भंगारवाल्याला देऊ नका. आधी ऐका, कोणाचा आवाज आहे ते लिहून ठेवा, आणि ओळखीच्या कुणाकडून तरी डिजिटल प्रत काढून घ्या. फीत दरवर्षी खराब होत जाते, म्हणून हे काम या वर्षीच करा.