शिरस्तेदारांची उचल

आपल्या इमारतीत वजन उतरवण्याचा संकल्प सोडलेला एकही इसम नाही, असे सांगणारा वाचक मला अद्याप भेटावयाचा आहे. आणि ज्या रीतीने हा इसम जन्मभर संसार, नोकरी व भांडणे करीत आला, त्याच रीतीने तो आपल्या चरबीशीही वागतो, हे जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. उतावळा असला तर पहिल्याच पहाटे सिंहगड चढतो आणि माथ्यावर कांदाभजी, पिठले-भाकरी व मडक्यातले दही यांवर त्या चढणीचे उट्टे काढतो. पंथाभिमानी असला, तर स्वतः बारीक होण्यापेक्षा दुसरा चुकला हे सिद्ध करण्यात त्याला अधिक गोडी; म्हणून दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे म्हणणारा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा अनुयायी, दर दोन तासांनी थोडेथोडे खावे म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांच्या अनुयायिनीशी, लग्नाच्या पंगतीत आणि जिलबी पुढ्यात असताना, हमरीतुमरीवर येतो.

पण ही सारी किरकोळ मंडळी. आमच्या वरच्या मजल्यावरील शिरस्तेदारांनी, उभी हयात दिवाणी न्यायालयाचे दप्तर सांभाळून झाल्यावर, वैद्यांनी दहा किलो कमी करण्याचे फर्मावताच, प्रथम एक बांधीव नोंदवही आणवली आणि तीत तारीख, जिन्नस, वजन, कारण व शेरा अशी सदरे आखली. रेल्वे स्थानकावरील जुन्या यंत्रातून एके काळी वजनाबरोबर स्वभाववर्णनही छापून येणारे पुठ्ठ्याचे तिकीट त्यांनी पहिल्याच पानावर पुराव्यादाखल डकवले होते. त्यावरील 'निश्चयी' एवढा एकच शब्द तांबड्या शाईने अधोरेखित होता.

या वहीचे मूलतत्त्व असे, की अधिक खाणे हा अपराध नसून ती केवळ पुढील उपवासावर घेतलेली उचल होय. गुरुवारचे श्रीखंड ही सोमवारवरची उचल. सोमवारी साबुदाण्याची खिचडी वाटीमागून वाटी जिरवताना, शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात, असे मी सुचवून पाहिले, तेव्हा "उपासाचे जिन्नस या खात्यात येत नाहीत, ते धर्मादाय," असा निकाल मिळाला. दिवाळीच्या फराळाचा बोजा महाशिवरात्रीवर चढे. शिमग्याच्या पुरणपोळ्या आषाढी एकादशीकडे वर्ग होत. आणि ज्या वर्षी अधिक मास येई, त्या वर्षी चोविसाच्या सव्वीस एकादश्या होणार या आनंदात, जावयाच्या वाणासाठी तळलेल्या तेहतीस अनारशांची ते नमुना-तपासणी करीत. तपासणीत बाद झालेले अनारसे कोठे गेले, हे विचारण्याची त्यांच्या जावयाची अद्याप छाती झालेली नाही. सरकारी कागदाप्रमाणे त्यांची चरबी कधी नष्ट होत नसे. ती फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाई आणि तहकूब राही.

या गृहस्थांविषयी मला आपुलकी वाटावी असा माझा मुळीच इरादा नव्हता. परंतु बेरजा तपासण्यासाठी त्यांनी ती वही एकदा माझ्या स्वाधीन केली, आणि मी बेरजा सोडून 'कारण' हे सदर वाचीत बसलो. पेढे दोन, तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बारावी उत्तीर्ण. बर्फी एक, जुन्या भाडेकरूंना नात झाली. गूळपोळी दीड, समोरच्या आजींना एकटीने घास जाईना म्हणून. एवढ्या वर्षांच्या उचलीत स्वतःच्या जिभेसाठी म्हणून घेतलेली अशी फारच थोडी निघाली. पुढे मात्र पाने विरळ होत गेलेली दिसली. आता उत्तीर्ण झालेली मुले आणि जन्मलेल्या नाती दूरध्वनीवर येतात. सोबत केकचे छायाचित्र असते, त्याला आपणही अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळे होतो, आणि वाटी घेऊन जिना चढण्याचे कोणालाच कारण उरलेले नाही.

परिणामी, जे कोणत्याही उपवासाने साधले नाही, ते शेजाऱ्यांनी साधले. चार किलो उतरले. वैद्यांनी पाठ थोपटली. आणि शिरस्तेदार, अंगावर हुकूमनामा झाल्यासारखा चेहरा करून, माझ्याकडे आले.

"वसुली झाली म्हणायची," ते म्हणाले, "पण खात्यात सगळी जमाच. उचल म्हणून उरली नाही हो."

मी गप्प राहिलो.

"तुमच्या कन्येचा निकाल केव्हा?"

"अहो, अजून परीक्षाच व्हावयाची आहे."

"हरकत नाही. पेढे आजच द्या. नापास झालीच, तर मी वसुलीस पात्र."

कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो आणवले. त्यांनी माझ्याच टेबलावर वही उघडली, दोन पेढे तोंडात असताना तारीख व जिन्नस लिहिले, आणि क्षणभर विचार करून 'कारण' या सदरात नोंद केली: "प्रस्तावित."