एका संस्थानाचे विलीनीकरण

एकटे असणे हा अलीकडे जवळजवळ दखलपात्र गुन्हा झाला आहे. माणसाने कोणत्या ना कोणत्या मंडळाचे सभासद असावे, त्याच्या मोबाइलने मनगटावरच्या घड्याळाशी, घड्याळाने वजनकाट्याशी आणि वजनकाट्याने थेट डॉक्टरांशी संधान बांधावे, आणि जी वस्तू कशालाच जोडलेली नाही ती नादुरुस्त समजून माळ्यावर टाकावी, असा एकंदर शिरस्ता पडून गेला आहे. या शिरस्त्याचा अंमल माझ्या टेबलावरच्या एका चिमुकल्या वाद्यावर कसा बसला, त्याची ही बखर आहे. आणि बखरीच्या रिवाजाप्रमाणे प्रथम संस्थानाचे वर्णन करणे प्राप्त आहे.

संस्थान म्हणण्याचे कारण आनुवंशिक आहे. माझे वडील सांगली संस्थानच्या दप्तरात कारकून होते, आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा, त्याच खुर्चीत, त्याच दौतीपुढे बसलेले असताना आपण दुसऱ्याच सरकारचे नोकर कसे झालो, याची हकीकत ते पाहुण्यारावळ्यांना अखेरपर्यंत ऐकवत असत. साहजिकच, भाच्याने जपानहून येताना आणलेले कोर्ग कंपनीचे ‘मोनोट्रॉन’ माझ्या हाती पडले तेव्हा त्यात मला सिंथेसायझरपेक्षा संस्थानच अधिक दिसले. २०१० साली जन्मास आलेल्या या संस्थानाचा विस्तार १२० मिलिमीटर लांब आणि ७२ मिलिमीटर रुंद. खजिन्यात दोन बारीक बॅटऱ्या. वाजंत्री पदरचीच, म्हणजे पोटात बसवलेला एक इवलासा स्पीकर. गादीवर एकच ऑसिलेटर, त्यामुळे एका वेळी एकच स्वर; दोन स्वरांचे मतभेद म्हणून या राज्यात संभवत नाहीत. कारभार पाहण्यास पाच खुंट्या, आणि या साऱ्यांत ज्याच्या कुळाचा दिमाख मिरवावा असा फिल्टर, कारण १९७८ सालच्या ‘एमएस-२०’ या नामांकित वाद्याच्या फिल्टरचेच मंडल त्यात उतरले आहे.

या वाद्यास पट्ट्या नाहीत. पट्ट्यांचे केवळ चित्र काढलेली एक रिबन आहे. तिच्यावर बोट टेकवून घसरवले की स्वर अखंड वाहत जातो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमची हकालपट्टी केली तेव्हा तिच्यावरील आरोपपत्रात मींड निघत नाही हे एक ठळक कलम होते. त्या न्यायाने पाहता या खिशात मावणाऱ्या जपानी यंत्रास रेडिओवर सन्मानाने पाचारण करण्यास काहीच हरकत नव्हती. संध्याकाळी चहानंतर त्या रिबनवर बोट फिरवून मी जो काही मारवा काढीत असे, तो शेजाऱ्यांनी आजवर सहन केला आहे, आणि सहनशीलतेपलीकडे मी त्यांच्याकडून कधी काही अपेक्षिले नाही.

सुखाने चाललेल्या या राज्यात भाच्याने प्रवेश केला, आणि वाद्य उलटसुलट करून पाहत तो उद्गारला, “मामा, हे कशालाच जोडता येत नाही!”

“का? आवाज बाहेर जायला भोक आहे, आत यायलाही आहे,” मी म्हणालो.

“आवाजाला आहे हो. हुकमाला नाही. कोणता स्वर, कधी लावायचा, कधी सोडायचा, हे याला बाहेरून सांगायची सोयच नाही.”

एखाद्याला बाहेरून काही सांगता येत नाही, हा त्याचा दोष कसा, हे मला उमगेना. परंतु भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि ज्यास बाहेरून काही सांगता येत नाही अशी एकही वस्तू, मामा धरून, त्याच्या परिचयाची नाही. माझा चेहरा पाहून त्याने पूर्वदाखला काढला. १९८२ साली याच मुंबईत चरणजितसिंग नावाच्या वादकाने रोलँड कंपनीची तीन यंत्रे, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, एकत्र नांदवून दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावरील तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणी विचारात घेतली नाही. २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा, शिकागोच्या तरुणांनी पुढे ज्या ‘ॲसिड हाउस’ संगीताचा डंका पिटला ते हा गृहस्थ आधीच वाजवून मोकळा झाला होता की काय, या विचाराने जाणकार चकित झाले. “आणि त्या तीन-शून्य-तीनमध्ये स्लाइड आहे, मामा. जोडलेल्या यंत्रातूनही मींड निघते,” एवढे बोलून त्याने माझ्या बाजूचा एकमेव वकील फोडला. मी संमती दिली.

संस्थाने बाहेरच्या फौजेने पडत नाहीत, आतल्या दिवाणाच्या सहकार्याने पडतात, हे वडिलांचे मत पेटीचे स्क्रू निघताच प्रत्ययास आले. आतल्या हिरव्या पाटीवर, कोणी मागितलेही नसताना, कंपनीने सोल्डर करण्याजोगे तांब्याचे ठिपके सोडून त्यांवर ‘पिच’, ‘गेट’, ‘कटऑफ’ अशी नावे छापून ठेवलेली होती; इतकेच नव्हे, तर पुढे कंपनीने साऱ्या मंडलाचा नकाशाही जाहीर केला. किल्ल्याच्या चोरदरवाजावर ‘चोरदरवाजा’ अशी पाटी लावणारा किल्लेदार इतिहासात दुसरा नसावा.

ठिपके अरुंद आणि शेजार दाट. बारीक तारेचे टोक सोलायचे, सुटे धागे चिमटीत पिळून एक करायचे, त्यावर आधी सोल्डरचा पातळ हात द्यायचा, मग ठिपक्यावर टेकवून लोखंडाचे टोक क्षणभर लावायचे आणि सोल्डर चकाकून पसरताच हात काढून श्वास रोखून थांबायचे. कारण थंड होता होता तार हलली तर सांधा वरून शाबूत दिसतो आणि आतून फितूर असतो. भाच्याचा हात स्थिर होता आणि माझ्याकडे भिंग धरण्याची नेमणूक होती. सोल्डरमधल्या राळेचा धूर स्वयंपाकघरापर्यंत गेला तेव्हा सौभाग्यवतींनी आतून, “आज कसली पूजा?” असे विचारले, आणि प्राणप्रतिष्ठा की उत्तरक्रिया हे अद्याप ठरावयाचे असल्याने आम्ही दोघेही गप्प राहिलो. मग पेटीच्या कडेला ड्रिलने छिद्रे पाडून जॅक बसवले, आणि बाहेरचा पाच व्होल्टचा हुकूम दांडगाईने आत शिरू नये म्हणून वाटेत रेझिस्टरांचे जकात नाके उभारले.

विलीनीकरणातील खरी यातायात मात्र सरहद्दीवर नसून नाण्यात असते. निजामाच्या मुलुखात हाली सिक्का आणि इंग्रजी मुलुखात कलदार, आणि दोहोंमधला बट्टा सोसता सोसता मराठवाड्यातील व्यापाऱ्यांच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. स्वरांच्या मुलुखातही अगदी हाच प्रकार आहे. मूगच्या सिंथेसायझरांच्या पंथात एका सप्तकास एक व्होल्ट हा दर: कोणत्याही स्वरावर एक व्होल्ट चढवा, वरच्या सप्तकातला तोच स्वर हजर, म्हणजे एका पट्टीचे अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट पडले. कोर्ग आणि यामाहा यांच्या जुन्या वाद्यांत मात्र व्होल्टेज कंपनसंख्येच्या प्रमाणात: षड्ज एका व्होल्टला मिळाला तर तारषड्जास दोन, त्यावरच्यास चार, त्याहीवरच्यास आठ. एकीकडे भाव सप्तकागणिक स्थिर आणि दुसरीकडे दामदुप्पट! बरे, मुजऱ्याच्या पद्धतीही परस्परविरुद्ध. मूगोत्तर बहुतेकांत पट्टी दाबली की गेटचा, म्हणजे स्वर लावण्या-सोडण्याच्या हुकमाचा, दाब वर चढतो. एमएस-२०च्या दरबारात तो जमिनीस टेकतो. एकाचे उठणे ते दुसऱ्याचे बसणे, आणि दोघांनाही आपलाच शिष्टाचार सृष्टीक्रमास धरून आहे असे वाटते. आमच्या मोनोट्रॉनचे नाणे त्याच्या स्वतःच्या रिबनपुरते पाडलेले. ते बाहेर किती भावाने चालेल याची हमी कोणी दिलेली नव्हती. त्यामुळे भाचा मल्टिमीटरकडे आणि मी कानाकडे लक्ष ठेवून, एक लहानसा प्रीसेट केसाकेसाने फिरवत बसलो, आणि खालचा सा जुळला की वरचा चढतो व वरचा जुळला की खालचा उतरतो, या सनातन वादात रात्रीचे जेवण थंड झाले.

या भांडणांवर तोड म्हणून १९८३ साली ‘मिडी’ नावाचा सर्वपक्षीय तह झाला. त्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही प्रतिस्पर्धी घराण्यांतील वाद्ये एका तारेने जोडून दाखवली गेली. आणि या तहाबद्दल स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळाला तो तीस वर्षांनी, २०१३ साली, म्हणजे सरकारी हिशेबाने वेळेवरच.

ज्याची हयात महसूल खात्यात गेली आहे अशा माणसाला मिडीसारखे घरचे वाटणारे दुसरे काही नाही. एक दार आवकेचे, एक जावकेचे, आणि तिसरे, आलेला कागद न वाचता जसाच्या तसा पुढील टेबलाकडे रवाना करण्याचे! टपालाचा वेग सेकंदास ३१,२५० बिट, सोळा खाती, आणि जगातील कोणतीही मात्रा ० ते १२७ या १२८ पायऱ्यांतच बसली पाहिजे हा दंडक. प्रत्येक स्वराच्या हुकुमात पट्टी किती जोराने दाबली याचा एक रकाना असतो. आमच्या संस्थानास जोर ही चीजच ठाऊक नसल्यामुळे तो रकाना इमानेइतबारे भरला जातो आणि कोणीही वाचत नाही. सर्वांत कहर म्हणजे, ‘अमुक स्वर शून्य जोराने लावावा’ असा हुकूम आला तर त्याचा अर्थ ‘स्वर बंद करावा’ असा घ्यावयाचा असतो. शून्य वेतनावर नेमणूक करून माणसास घरी बसवण्याची ही हातोटी ज्याने काढली, तो पूर्वाश्रमीचा शिरस्तेदारच असला पाहिजे. शिवाय हुकूम देणारा आणि घेणारा यांचा प्रत्यक्ष स्पर्श नाही: मध्ये एका काळ्या चिपमध्ये बारीक दिवा लुकलुकतो, समोरचा ट्रान्झिस्टर तो पाहतो आणि अर्थ लावतो, राणीसाहेबांनी चिकाच्या पडद्याआडून कारभार चालवावा त्यातलाच हा प्रकार. या दिव्याच्या भाषेचे व्होल्टात रूपांतर करणारी दुभाष्याची पेटी भाच्याकडे होतीच. ती जोडली गेली आणि माझे संस्थान खालसा झाले.

त्याच क्षणी मोनोट्रॉनमधून, कोणाचेही बोट न लागता, ठेक्यात, बिनचूक लयीत स्वर निघू लागले. भाचा नाचला. मीही प्रभावित झालो, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या बोटाने जी लय जन्मात सांभाळली नव्हती ती वाद्य आता स्वतः सांभाळत होते. मींड मात्र गेली. रिबनवर ज्या वाटेने मी सरपटत जात असे तिथे दुभाष्याने बारा पायऱ्या बांधल्या. तेव्हा मी करारात एक कलम घालून घेतले: जॅक असा बसवावा की प्लग आत असेल तोवर रिबन तुटावी आणि प्लग उपसताच ती पुन्हा जोडली जावी. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले. माझ्या संस्थानिकाचा तनखा बंद करण्यास संसदेलाही माझ्या टेबलापर्यंत यावे लागेल.

आता दर रविवारी भाचा येतो आणि त्याच्या यंत्रांच्या रांगेत मोनोट्रॉनला बसवतो. हुकूम वेळेवर येतात, हुकमाची तामिली वेळेवर होते. परंतु ॲनालॉग ऑसिलेटर हा हवापाणी मानणारा प्राणी असल्याने पंखा लावला, खिडकी उघडली, की आमचा स्वर कणभर सरकतो. दुभाष्यास याची वार्ताही नसते, कारण हुकूम फक्त जातात, तक्रार परत येण्यास तारच नाही. मी खुंटीकडे हात नेला की भाचा ओरडतो, “राहू द्या मामा, तीच तर मजा आहे!” आणि आपली संगणकाच्या शिस्तीत वाढलेली, हजारोंची, अचूक यंत्रे एकेक करून त्या दोन बॅटऱ्यांच्या संस्थानाच्या स्वरास मिळवून घेतो. विलीनीकरण कोणाचे कोणात झाले, हे त्याने अजून विचारलेले नाही, आणि वडिलांच्या नोकरीपासून एवढे मी शिकलो आहे की न विचारलेल्या प्रश्नास दप्तराने लेखी उत्तर देऊ नये.